हिरा फुटतो म्हणणारा वैद्य

बँकेत असताना दागिन्यांवर कर्ज देण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. त्या कामाचा एक साधा नियम असतो. सोन्याचे वजन करायचे, कस पाहायचा आणि दागिन्यात जडवलेल्या खड्यांचे वजन अंदाजाने वजा करायचे. खडा कितीही मोलाचा असो, बँकेच्या लेखी त्याची किंमत शून्य. एखादी बाई आजीच्या हातातली माणकाची अंगठी टेबलावर ठेवी आणि आमचा सराफ चेहऱ्यावरची रेघही न हलवता खड्याचे म्हणून दीड ग्रॅम वजा करी, तेव्हा तिच्याकडे पाहवत नसे.

घाटकोपरला बदली झाली तेव्हा खड्यांची दलाली करणारे एक गृहस्थ आमचे खातेदार होते. एकदा दुपारच्या निवांत वेळी त्यांनी खिशातून पांढऱ्या कागदाची पुडी काढली आणि माझ्यापुढे उलगडली. आत दहा-बारा खडे होते. एक पानासारखा हिरवा, दोन गुलाबी, एक गर्द निळा, एक मधाच्या रंगाचा आणि एक तर असा की, एका टोकाला गुलाबी आणि दुसऱ्या टोकाला हिरवा, जणू कलिंगडाची फोड. मी मोठ्या ऐटीत पाचू, माणिक, नीलम, गोमेद अशी नावे घेत गेलो आणि शेवटच्या खड्यापाशी अडलो. ते हसले. सगळे खडे एकाच जातीचे होते. तुरमली, म्हणजे टूर्मलीन. बोरॉन असलेले हे खनिज आहे. त्यात लोह, मँगनीज किंवा क्रोमियम जसे मिसळेल तसा त्याचा रंग पालटतो. लालगुलाबी असेल तर व्यापारी त्याला रुबेलाइट म्हणतात, निळ्याला इंडिकोलाइट, काळ्याकुट्टाला शोर्ल. 1980 नंतर ब्राझीलच्या पराइबा भागात तांब्याचा अंश असलेला विजेच्या दिव्यासारखा निळा प्रकार सापडला आणि त्याचे भाव गगनाला भिडले. रसशास्त्रातला वैक्रांत म्हणजे तुरमलीच, असे मानणारेही बरेच वैद्य आहेत.

त्या दिवसापासून मला खड्यांचे वेड लागले. त्यांच्याविषयी जुने-नवे मिळेल ते वाचत गेलो आणि वाचता वाचता एका अशा माणसाशी गाठ पडली, की खडे बाजूला राहिले आणि तोच मनात घर करून बसला. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. पोर्तुगीज वैद्य, गोव्याचा रहिवासी, जडजवाहिराचा व्यापारी आणि काही काळ आपल्या या मुंबई बेटाचा भाडेकरू. होय, अख्ख्या बेटाचा!

ओर्ताचा जन्म 1501 च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हीद या डोंगरी गावात झाला. गाव स्पेनच्या सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावर. त्याचे आईवडील स्पेनमधले ज्यू. 1492 मध्ये स्पेनच्या राजाराणीने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा सरहद्द ओलांडून ते पोर्तुगालमध्ये आले. पण पाचच वर्षांनी, 1497 मध्ये, पोर्तुगालच्या राजाने तिथल्या ज्यूंचे सक्तीने धर्मांतर केले. अशा कुटुंबांना नवे ख्रिस्ती म्हणत. नाव बदलले, रविवारी चर्चमध्ये हजेरी लागू लागली. दाराआड काय चालते याचा मात्र शेजारीपाजाऱ्यांना कायम संशय. शनिवारी चूल पेटली की नाही, डुकराचे मांस खाल्ले की नाही, घरातली चादर कोणत्या वारी बदलली, अशा गोष्टींवर माणसाचा जीव टांगलेला असे. ओर्ता अशा घरात वाढला. मनातले ओठावर येऊ द्यायचे नाही, हे त्याला अक्षरओळखीच्या आधीच शिकावे लागले असणार.

मुलगा हुशार होता. स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत तो वैद्यक शिकला, गावी परतून वैद्यकी करू लागला, पुढे लिस्बनला गेला आणि तिथल्या विद्यापीठात अध्यापकही झाला. बस्तान बसत होते. पण हवा बिघडत चालली होती. 1532 मध्ये नव्या ख्रिस्त्यांना देश सोडून जायला बंदी झाली. धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, आज येणार की उद्या एवढाच प्रश्न उरला होता. 1536 मध्ये ते आलेच. त्याच्या दोन वर्षे आधी, मार्च 1534 मध्ये, ओर्ता हिंदुस्थानकडे निघालेल्या आरमाराबरोबर जहाजावर चढला. आरमाराचा प्रमुख मार्तीम आफोंसो द सौझा नुकताच ब्राझीलची मोहीम आटोपून आला होता आणि ओर्ता त्याचा खासगी वैद्य म्हणून निघाला होता. बड्या माणसाच्या पदरी असल्यामुळे कोणी हटकले नसावे. बंदी असलेल्या देशातून असा राजमार्गाने निसटणारा माणूस काही भोळा नव्हता.

इथे ब्राझीलचा एक धागा सांगून टाकतो. सौझा जिथून आला होता त्याच ब्राझीलमध्ये पोर्तुगीज लोक पुढे शे-दीडशे वर्षे पाचूच्या शोधात रान तुडवत राहिले. फेर्नांव दियाश नावाच्या म्होरक्याने 1674 पासून सात वर्षे जंगलात काढली, हिरव्या खड्यांची रास जमवली आणि पाचू सापडले या समाधानात तो मेला. ते खडे निघाले हिरवी तुरमली. रंगावरून नाव ठेवण्याची माझी ती घाटकोपरची चूक किती जुनी आणि किती महागडी होती, हे वाचून माझ्या मनाला जरा बरे वाटले.

सप्टेंबर 1534 मध्ये ओर्ता गोव्याला उतरला. सुरुवातीची काही वर्षे सौझाच्या मागे किनाऱ्याने फिरण्यात गेली. याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबई पोर्तुगीजांना देऊन टाकली. सौझा 1538 मध्ये मायदेशी परतला. ओर्ता मात्र गोव्यातच राहिला. तिथे त्याने घर केले, बाग केली, ग्रंथसंग्रह केला. आपल्याच गणगोतातल्या ब्रियांदा द सोलिस हिच्याशी लग्न झाले, दोन मुली झाल्या. व्हाइसरॉयपासून गल्लीतल्या दुकानदारापर्यंत सगळे त्याचे रोगी. घाटावर अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाची प्रकृती बिघडली की बोलावणे येई आणि ओर्ता घाट चढून जाई. दोघांची चांगली मैत्री होती. दरबारात इराणी आणि अरब हकीम होते. त्यांच्याशी वाद घालत, त्यांच्याकडून शिकत तो दिवस काढी.

आणि तो व्यापार करी. मसाल्यांचा आणि रत्नांचा. वैद्याने व्यापार करावा याचे आज आपल्याला नवल वाटेल, पण त्या काळी दोन्ही धंदे शेजारी होते. मोती, पोवळे, माणिक हे सगळे औषधाच्या कपाटातही असत. खडा खरा की खोटा हे न कळणारा वैद्य रोग्यालाही फसवणार आणि स्वतःही बुडणार. सिंहलद्वीपातून नीलम, गोमेद, लसण्या; पेगूहून माणिक; इराणातून पिरोजा; खंबायतेहून अकीक; विजयनगर आणि दख्खनमधून हिरे. हे सगळे गोव्याच्या बाजारात त्याच्या हाताखालून जात होते.

1554 च्या सुमारास त्याला मुंबई बेट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळाले. सरकारला दरवर्षी ठरलेला खंड भरायचा आणि बेटाचे उत्पन्न घ्यायचे, म्हणजे आपल्याकडच्या खोतासारखाच हा व्यवहार. आपली अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही मंडळी त्या पट्ट्यात येत नव्हती, कारण ती खाडीपलीकडच्या साष्टी बेटावर. बँकेतल्या माणसाच्या मनात लगेच हिशेब सुरू होतो, की तो पट्टा आज कोणाकडे असता तर! पण तेव्हा या बेटावर होते काय? नारळ, भात, मिठागरे, कोळीवाडे. ओर्ता इथे फारसा राहिलाही नाही. मात्र इथल्या एका आंब्याच्या झाडाचे त्याला मोठे कौतुक होते. वर्षातून दोनदा फळ देणारे ते झाड त्याने आपल्या पुस्तकात अभिमानाने नोंदवून ठेवले आहे. घारापुरीची लेणी त्याने पाहिली आणि साष्टीतल्या डोंगरातल्या लेण्यांचेही वर्णन केले. ती म्हणजे आपली बोरिवलीची कान्हेरी. शनिवार-रविवारी मुलांना घेऊन नॅशनल पार्कात जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आता पुस्तकाकडे येतो. 10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात योहानेस द एंदेम याच्या छापखान्यात ते छापून झाले. हिंदुस्थानातल्या वनस्पती, औषधे आणि औषधी वस्तूंवरचे हे संवाद. गोव्यात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षे झाली होती. छपाई इतकी गचाळ, की शुद्धिपत्रच वीस पानांच्या घरात गेले. पण आरंभीच्या कवितांमध्ये त्या वेळी गोव्यात असलेल्या लुईश द कामोंइश याची एक कविता आहे. पोर्तुगालच्या या महाकवीची छापून आलेली ही पहिली कविता.

पुस्तकात दोन वैद्य बोलतात. एक स्वतः ओर्ता, दुसरा रुआनो. हा रुआनो काल्पनिक, जुना सहाध्यायी म्हणून नुकताच स्पेनहून आलेला. तो ग्रीक, रोमन आणि अरब पंडितांचे दाखले देतो आणि ओर्ता आपण काय पाहिले ते सांगतो. मधूनच अंतोनिया नावाची दासी बागेतून झाडपाला आणून देते, मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन दोन गोष्टी सांगून जातो. पटकीचे युरोपियनाने केलेले पहिले तपशीलवार वर्णन याच पुस्तकात आहे आणि तिथे त्या रोगाचे इथल्या लोकांच्या तोंडचे नावही आहे, मोडशी! त्याचा पोर्तुगीजांनी केलेला अपभ्रंशही तो देतो. चारशे साठ वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज पुस्तकात आजीच्या तोंडचा शब्द भेटला की कसे वाटते, ते वेगळे सांगायला नको.

हिरा, इतर रत्ने आणि मोती यांवर वेगवेगळे संवाद आहेत. माझा जीव अर्थातच तिथे रमला. युरोपात त्या काळी प्लिनीच्या ग्रंथातल्या गोष्टी वेदवाक्य मानल्या जात. हिरा ऐरणीवर ठेवून घण घातला तर घण फुटतो, हिरा नाही. बोकडाच्या ताज्या रक्तात मात्र तो नरम पडतो. हिरा जवळ असला की लोहचुंबकाची शक्ती जाते. शिवाय हिरा पोटात गेला की माणूस मरतो, अशीही समजूत होती. शेवटची समजूत आपल्याकडेही होती. हिरकणी गिळून प्राण देणाऱ्या राण्या आपण लहानपणापासून गोष्टींत ऐकत आलो.

ओर्ता एकेक घेऊन निकालात काढतो. हिरा लहान हातोडीने सहज फुटतो. नाहीतर दुसऱ्या हिऱ्यांना पैलू पाडायला लागणारी त्याची पूड येते कुठून? बोकडाच्या रक्ताची गोष्ट खोटी. चुंबकाचा प्रयोग त्याने स्वतः अनेकदा करून पाहिला, काही होत नाही. आणि विषाचे म्हणाल तर खाणीवरचे मजूर चोरीसाठी हिरे गिळतात आणि ते पुढे सुखरूप बाहेर पडतात. नवऱ्याच्या जुनाट जुलाबावर त्याला बरेच दिवस हिऱ्याची पूड देणाऱ्या एका बाईची हकिगतही तो सांगतो. त्या पुडीने नवऱ्याला काही अपाय झाला नाही. (गुणही आला नाही, हे ओघाने आलेच.) लसण्याविषयी असे म्हणत, की कापड त्या खड्याला घट्ट लपेटले तर ते आगीत जळत नाही. ओर्ताने कापड घेतले, खडा घेतला, विस्तव घेतला. कापड जळले.

आणखी एक गोष्ट मला, जन्मभर तारण तपासलेल्या माणसाला, फार भावली. आपण पाहिलेले आणि ऐकलेले यांची तो सरमिसळ करत नाही. अमुक वजनाचा हिरा मी पाहिला, याहून मोठा एकाकडे असल्याचे ऐकले, आणि कोंबडीच्या लहान अंड्याएवढा हिरा विजयनगरात पाहिल्याचे एका भरवशाच्या माणसाने सांगितले, अशा तीन वेगळ्या नोंदी. काचेच्या जाड बाटल्यांचे तुकडे पाचू म्हणून खपवले जातात, हेही तो खरेदीदाराला बजावतो. चुकतो तोही. खाणीतला हिरा दोन-तीन वर्षांत पुन्हा तयार होतो, जणू शेतातले पीकच, असे त्याला खरेच वाटत होते. वऱ्हाडच्या इमादशाहीजवळच्या ज्या खाणीचा तो उल्लेख करतो तिथल्या मजुरांकडून त्याने हे ऐकले असावे. वऱ्हाडापलीकडचे, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले वैरागड एके काळी हिऱ्यांसाठी नावाजलेले होते, हे जाता जाता सांगतो.

मग तुरमली? तिचे नाव या पुस्तकात नाही. असणार तरी कसे? सिंहली भाषेतला तोरमल्ली हा शब्द डच व्यापाऱ्यांबरोबर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात पोचला. त्याआधी सिंहलद्वीपाच्या पुड्यांमधून हा खडा कधी गोमेद, कधी माणिक, कधी पुष्कराज म्हणून खपत होता. ओर्ता तिथून येणाऱ्या अशा खड्यांविषयी लिहितो, की काही अर्धे तांबडे अर्धे पांढरे असतात, काही अर्धे निळे अर्धे लाल. त्यांतले किती नीलम होते आणि किती तुरमली, हे आता कोण सांगणार? पण त्याच्या हातून ती गेली असणारच, असे मला वाटते.

आणि एक नोंद वाचून तर मी पुस्तक मिटून बसलो. चांगला तापलेला हिरा गवताची काडी उचलतो, तृणमण्यासारखा, हे त्याने स्वतः पाहिले होते. त्याच्यानंतर सुमारे एकशे चाळीस वर्षांनी डच लोकांना हाच चमत्कार तुरमलीत दिसला. तापवली की ती राख ओढून घेते. त्यांनी तिला राख ओढणारा खडा असेच नाव पाडले. लिनिअसने तिला विजेचा दगड म्हटले, 1756 मध्ये एपिनुसने तिच्या दोन टोकांना दोन विरुद्ध विद्युतभार असतात हे दाखवले आणि 1880 मध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी तुरमली, क्वार्ट्झ अशा स्फटिकांवर दाब दिला की वीज उत्पन्न होते हे सिद्ध केले. आजही सराफाच्या काचेच्या कपाटात प्रखर दिव्याखाली ठेवलेल्या तुरमलीवर इतर खड्यांपेक्षा धूळ जास्त बसते. त्या वाटेची पहिली पाऊलखूण गोव्यातल्या एका वैद्याने आपल्या वहीत टिपून ठेवली होती.

याच पुस्तकात ओर्ता एक कबुली देतो. स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध आणि ग्रीकांविरुद्ध ब्र काढायची आपली छाती झाली नसती. लिस्बनपासून सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाने त्याला ही मोकळीक दिली होती. पण ती खड्यांपुरती आणि झाडपाल्यापुरती. घरातली गोष्ट वेगळी होती. 1547 च्या सुमारास लिस्बनमध्ये त्याच्या बहिणी धर्मन्यायालयाच्या कैदेत पडल्या. त्या सुटल्या आणि आईसह गोव्याला, भावाच्या आसऱ्याला आल्या. मधली काही वर्षे बरी गेली. 1560 मध्ये ते न्यायालयही जहाजातून गोव्याला येऊन पोचले.

पुस्तकाचे पहिले पान पाहिले तर अंगावर काटा येतो. ग्रंथ नजरेखालून घातल्याची नोंद तिथे आहे, आलेइशो दियाश फाल्कांव या इन्क्विझिटरच्या नावाने. ज्या कचेरीने हे सगळे वाचून छापायला मान्यता दिली, तिच्याच दाराखालून ओर्ता रोज वावरत होता. त्याने मांडलेले प्रत्येक सत्य दगडांविषयीचे होते. स्वतःविषयीचे एकही नाही. पुस्तकभर तो सज्जन ख्रिस्ती आहे. हिऱ्याच्या बाबतीत प्लिनीला खोटे पाडणारा हा माणूस आपण कोण हे सख्ख्या शेजाऱ्यालाही सांगू शकत नव्हता. याला भित्रेपणा म्हणणारे म्हणोत. मला ते म्हणवत नाही. त्याच्या एका शब्दावर आई, बहिणी, बायको आणि दोन मुली यांचे जीव अवलंबून होते.

तो 1568 मध्ये गोव्यात वारला. अंथरुणावर, वयाच्या सदुसष्टीच्या आसपास, मानमरातबासह. आदल्याच वर्षी अँटवर्पमध्ये कारोलुस क्लुसिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप छापला होता आणि युरोपभर त्याचे नाव झाले होते. ओर्ता गेला आणि घरावरचे छत्र उडाले. त्याच साली बहीण कातारीनाला पकडले. चौकशीत तिच्या नवऱ्याने भावाचे नाव घेतले, तोही मनातून ज्यूच होता म्हणून. 25 ऑक्टोबर 1569 रोजी कातारीनाला गोव्यात जिवंत जाळले. मग मेलेल्या माणसावर खटला चालला. 4 डिसेंबर 1580 रोजी, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, गार्सिया द ओर्ताची हाडे कबरीतून उकरून काढून जाळण्यात आली.

हे सगळे कागद बंद राहिले. 1886 मध्ये काउंट फिकाल्यो याने त्याचे पहिले मोठे चरित्र लिहिले तेव्हाही ही हकिगत जगाला ठाऊक नव्हती. खटल्याची कागदपत्रे छापून आली ती 1934 मध्ये. त्यानंतर पोर्तुगालने त्याला 1971 मध्ये वीस एस्कुदोच्या नोटेवर बसवले आणि 1991 पासून दोनशे एस्कुदोच्या नाण्यावर. युरो आल्यावर तेही चलनातून गेले. पणजीला चर्चसमोरच्या चौकातली 1855 सालची बाग मात्र त्याच्याच नावाने ओळखली जाते. मागच्या खेपेला गेलो तेव्हा तिथल्या बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले. खिशात नोटांच्या शौकिनांच्या बाजारातून घेतलेली ती वीस एस्कुदोची नोट होती. शेजारी बसलेल्या शाळकरी मुलाने हा टोपीवाला कोण म्हणून विचारले. मी सांगितले की, याने हिरा फोडता येतो हे सांगितले. त्याला ते काही फारसे विशेष वाटले नाही.